बालरॉगला पंख होते का? टॉल्कीनच्या चाहत्याने अभ्यासाकडे कसं वळावं

टॉल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत मोरियाच्या पुलावर गॅन्डाल्फ या जादूगारासमोर उभ्या ठाकलेल्या बालरॉगला, म्हणजे आग आणि सावलीच्या राक्षसाला, पंख होते की नव्हते, यावर मी एका मित्राशी रात्री अकरापासून पहाटे दोनपर्यंत भांडलो आहे. त्याच्या बाजूने चित्रपट होता, माझ्या बाजूने नुसता आवाज. दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक काढून तो प्रसंग सावकाश वाचला, तेव्हा कळलं की ते पान आम्हा दोघांपैकी कोणीच नीट वाचलेलं नव्हतं.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ एकदा-दोनदा वाचून झालंय, आता त्यावर जरा मुद्देसूद बोलावं, चार माणसं जमवावीत, जमलं तर काही लिहावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी इंग्रजी साहित्याची पदवी लागत नाही. या क्षेत्राचा इतिहासच तसा आहे. अमेरिकेत मिथोपोइक सोसायटी 1967 साली निघाली, इंग्लंडात टॉल्कीन सोसायटी 1969 साली. रॉबर्ट फॉस्टरने मध्य-पृथ्वीतल्या, म्हणजे टॉल्कीनच्या कथा जिथे घडतात त्या जगातल्या, नावांचा कोश 1971 मध्ये काढला, कॅरेन फॉनस्टॅडने नकाशांचा संग्रह 1981 मध्ये. ‘टॉल्कीन स्टडीज’ हे विद्यापीठीय वार्षिक मात्र सुरू व्हायला 2004 उजाडावं लागलं. म्हणजे शेत आधी हौशी लोकांनी नांगरलं, प्राध्यापक मोठ्या संख्येने नंतर आले. आजही एकाच परिषदेत एका टेबलावर प्राध्यापक आणि दुसऱ्यावर हॉबिटचा (टॉल्कीनच्या कथांतल्या बुटक्या लोकांचा) अंगरखा घालून आलेला बँक कर्मचारी निबंध वाचताना दिसू शकतो, आणि दोघांनाही सारखाच प्रश्न विचारला जातो: हे कुठे लिहिलंय?

पहिली पायरी: हातातली प्रत ओळखा

सुरुवात कंटाळवाणी आहे, पण ती चुकवू नका. पुस्तकाच्या आतल्या पानावर कोणती आवृत्ती, कोणतं साल ते बघा.

‘द हॉबिट’ पहिल्यांदा 21 सप्टेंबर 1937 रोजी आलं. त्या आवृत्तीतला गॉलम, म्हणजे गुहेत अंगठी जपून राहणारा प्राणी, आजच्या वाचकाला ओळखूच येणार नाही. तो कोड्यांच्या पैजेत अंगठी स्वतःहून बक्षीस म्हणून लावतो, हरल्यावर ती सापडत नाही म्हणून कथानायक बिल्बोची माफी मागतो आणि त्याला बाहेरची वाट दाखवतो. पुढे मोठी कादंबरी लिहिताना अंगठीचं स्वरूपच बदललं. अशी वस्तू कोणी पैजेवर लावणं शक्य नव्हतं, म्हणून टॉल्कीनने ते प्रकरण बदललं आणि 1951 च्या दुसऱ्या आवृत्तीत आजचा हिंस्र, शिव्याशाप देणारा गॉलम आला. खरी गंमत पुढे आहे. जुना मजकूर खोडून टाकण्याऐवजी त्याने तो कथेतच मुरवला: मोठ्या कादंबरीच्या प्रास्ताविकात सांगितलं की पहिली हकीकत ही बिल्बोने रंगवलेली थाप होती. तेव्हा ‘हॉबिटमध्ये असं आहे’ म्हणताना कोणत्या हॉबिटमध्ये, हे सांगावं लागतं.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तीन खंडांत आलं: 29 जुलै 1954, 11 नोव्हेंबर 1954 आणि 20 ऑक्टोबर 1955. अमेरिकेत 1965 मध्ये एका प्रकाशकाने लेखकाची परवानगी न घेता स्वस्त आवृत्ती छापली. तिला शह द्यायला टॉल्कीनने मजकूर पुन्हा तपासला आणि सुधारित आवृत्ती आणली. पन्नास वर्षांनिमित्त 2004 मध्ये आलेल्या आवृत्तीत छपाईच्या पुष्कळ चुका दुरुस्त झाल्या आहेत. नवी प्रत घ्यायचीच असेल तर तिच्यावर आधारलेली घ्या, आणि परिशिष्टं कापलेली नाहीत ना ते दुकानातच बघा.

इतक्या आवृत्त्या असल्यामुळे पान क्रमांकाला फारसा अर्थ उरत नाही. तुमचं पान 322 माझ्याकडे 429 असतं. म्हणून अभ्यासक भाग आणि प्रकरण सांगतात. खंड तीन असले तरी कादंबरीचे भाग सहा आहेत. मोरियाचा पूल म्हणजे दुसरा भाग, पाचवं प्रकरण. पत्रांचा हवाला पत्राच्या क्रमांकाने. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. वहीत नुसतं वाक्य उतरवून ठेवलं आणि ठिकाण लिहिलं नाही, तर सहा महिन्यांनी ते वाक्य मेलेलं असतं.

दुसरी पायरी: मजकुरांची उतरंड

मराठी वाचकाला हे समजावणं सोपं आहे, कारण आपण यातच वाढलोय. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि तिच्यात आपली ओवी घालणाऱ्याला खडसावून ठेवलं. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 अशी जवळजवळ अर्धं शतक खपून तयार केली. पाठभेद, प्रक्षिप्त, मूळ पाठ हे शब्द आपल्याकडे कीर्तनकाराच्या तोंडीही असतात. (ती आवृत्ती पूर्ण झाल्याची घोषणा राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी 22 सप्टेंबर 1966 रोजी केली. बिल्बो आणि त्याचा वारस फ्रोडो यांचा वाढदिवसही 22 सप्टेंबर. योगायोगच, पण आमच्या मंडळात तो दरवर्षी सांगितला जातो.)

टॉल्कीनच्या बाबतीत उतरंड साधारण अशी. सगळ्यात वर त्याने हयातीत, स्वतः तपासून छापलेलं: दोन्ही कादंबऱ्या, परिशिष्टांसकट. तो 2 सप्टेंबर 1973 रोजी गेला. त्यानंतर चार वर्षांनी आलेलं ‘द सिल्मारिलियन’, म्हणजे मध्य-पृथ्वीच्या प्राचीन काळाच्या कथा, त्याचंच असलं तरी ते मुलगा ख्रिस्तोफरने, गाय गॅव्ह्रिएल केच्या मदतीने, वेगवेगळ्या काळातल्या हस्तलिखितांतून जुळवलेलं आहे. त्यातलं डोरियाथच्या विनाशाचं प्रकरण तर वडिलांच्या जुन्या, तुटक मजकुरावरून मुलाला जवळजवळ नव्याने रचावं लागलं. त्याखाली 1983 ते 1996 दरम्यान आलेले ‘मध्य-पृथ्वीच्या इतिहासा’चे बारा खंड, म्हणजे खर्डे आणि त्यांवर मुलाची टिपणं. पत्रांचं स्थान जरा तिरपं आहे, त्यांच्याकडे पुढे येतो.

एक सापळा लक्षात ठेवा. उशिरा लिहिलेला खर्डा म्हणजे शेवटचा निकाल, असं अनेकांना वाटतं. शत्रूच्या सैन्यातले ऑर्क आले कुठून? छापील ‘सिल्मारिलियन’ सांगतं की पकडून नेलेल्या, छळलेल्या एल्फांपासून (या कथांतल्या अमर लोकांपासून) ते घडवले गेले असावेत. इतिहासाचा दहावा खंड उघडला की दिसतं, म्हातारपणी टॉल्कीन याच प्रश्नावर तळमळतोय: माणसांपासून? पशूंपासून? त्यांना आत्मा असतो का? आणि असला, तर त्यांची सरसकट कत्तल कशी क्षम्य ठरते? उत्तर काही त्याच्या हाती लागलं नाही. त्यामुळे ‘ऑर्क म्हणजे बिघडलेले एल्फ’ एवढंच म्हणणारा चूक नसतो, अर्धवट असतो. त्या वाक्याला ‘1977 च्या छापील पाठानुसार’ एवढं शेपूट जोडलं की ते अभ्यासाचं वाक्य होतं.

चित्रपट या उतरंडीत बसत नाहीत. 2001 ते 2003 मधले तिन्ही चित्रपट मला मनापासून आवडतात, पण पुस्तकाबद्दल ते पुरावा नाहीत. चाहत्यांच्या इतिहासाबद्दल मात्र मोठाच पुरावा आहेत.

तिसरी पायरी: एक पान, दोन वाक्यं

आता पंख. पहिल्या वाक्यात टॉल्कीन म्हणतो की बालरॉगभोवतीची सावली दोन अवाढव्य पंखांसारखी पसरली. थोड्या ओळींनंतर तो पुढे येतो, ताठ उभा राहतो, आणि आता त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरतात. दुसऱ्या वाक्यात ‘सारखे’ नाही.

सगळं भांडण या गळलेल्या शब्दावर उभं आहे. पंखवादी म्हणतात, सुरुवातीला अंधारात नीट दिसत नव्हतं म्हणून ‘सारखे’, जवळ आल्यावर दिसलं म्हणून सरळ ‘पंख’. बिनपंखवादी म्हणतात, पहिल्या वाक्यातली सावलीच दुसऱ्यात पंख म्हणून पुढे चालू आहे. इंग्रजीत या मुद्द्यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, पण शाळेत अलंकार घोकलेल्या मराठी माणसाकडे यासाठी नेमकी अवजारं आहेत. पहिलं वाक्य उघड उपमा: उपमेय सावली, उपमान पंख, साम्यवाचक शब्द हजर. दुसऱ्यात उपमेय गिळलं गेलंय, उपमान तेवढं उरलंय. आपल्याकडे याला रूपकातिशयोक्ती म्हणतात. तेव्हा वाद असा मांडता येतो: दुसरं वाक्य रूपकातिशयोक्ती आहे की साधी स्वभावोक्ती, म्हणजे जसं आहे तसं वर्णन?

पान वाचून झालं की खालच्या मजकुरांकडे. दहाव्या खंडात छापलेल्या एका पाठात बालरॉग हिथलुम प्रदेशावरून ‘पंखांच्या वेगाने’ गेल्याचा उल्लेख आहे. पंखवाद्यांचा हा हुकमाचा एक्का. पण ‘पंखांचा वेग’ हा वाक्प्रचारही असू शकतो, आणि छापील ‘सिल्मारिलियन’मध्ये ते शब्द नाहीत. उलट बाजूने विचारतात: पंख होते तर दरीत पडला कसा? याला उत्तर आहे. शहामृगालाही पंख असतात.

माझं मत? सावली. पण आता मी ते आवाज न चढवता सांगतो. तुम्ही स्वतःसाठी असा एक वाद निवडा: टॉम बॉम्बाडिल कोण, रिव्हेन्डेलचा ग्लॉरफिन्डेल आणि गोंडोलिनमध्ये मेलेला ग्लॉरफिन्डेल एकच का. आधी फक्त मूळ पान, मग खालचे मजकूर, मग इतरांची मतं, याच क्रमाने जा. क्रम उलटा केलात तर पान तुम्हाला दुसऱ्याच्या चष्म्यातून दिसेल.

पत्रं वाचताना

निवडक पत्रांचा संग्रह 1981 मध्ये हम्फ्री कार्पेंटरने काढला, वाढवलेली आवृत्ती 2023 मध्ये आली. पत्रांतून वाक्य उचलणं फार सोपं, म्हणून तिथेच घसरण जास्त.

भारतीय वाचकाला रस वाटेल असं तिसावं पत्र घ्या. 1938 साली एका जर्मन प्रकाशकाला ‘हॉबिट’चा अनुवाद काढायचा होता आणि त्याने लेखकाकडे ‘आर्य’ वंशाचा असल्याची खात्री मागितली. टॉल्कीनने भाषाशास्त्रज्ञाच्या थाटात सुनावलं की आर्य म्हणजे इंडो-इराणी, आणि माझ्या माहितीत माझ्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी किंवा फारसी बोलत नव्हतं. तुम्हाला ज्यू आहे का विचारायचं असेल, तर त्या गुणी लोकांत माझे पूर्वज नाहीत याचं मला वाईट वाटतं. हे पत्र ‘टॉल्कीनने नाझींना दिलेलं उत्तर’ म्हणून जगभर फिरतं. पण त्याने आपल्या इंग्रज प्रकाशकाकडे दोन मसुदे पाठवले होते, आणि हा मसुदा त्या प्रकाशकाच्या फायलीत उरलेला आहे. जर्मनीला बहुधा दुसराच गेला. मताचा पुरावा म्हणून पत्र भक्कम आहे, घटनेचा पुरावा म्हणून डळमळीत.

पत्र लिहिलं कुणाला, कोणत्या साली, मसुदा होता की टपालात पडलं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कुठलंही पत्र वापरू नका.

मंडळ जमवताना

एकट्याने वाचून माणूस स्वतःच्याच मताच्या प्रेमात पडतो. सहा ते नऊ जण पुरेत. त्याहून जास्त झाले की ती सभा होते. कादंबरीत 62 प्रकरणं आहेत. पंधरवड्याला दोन धरली तर सव्वा वर्ष लागतं, त्यात गणपती, दिवाळी आणि परीक्षा धरून दीड वर्ष. आमचं मंडळ एका गॅलरीत भरतं, चहा ज्याच्या घरी त्याचा.

प्रत्येक बैठकीला एक जण ‘पानवाला’ असतो. कोणी काही ठासून सांगितलं की त्याने फक्त एवढंच म्हणायचं: पान? आणि बोलणाऱ्याने ते शोधेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. पहिले दोन महिने लोक चिडतात, नंतर घरून खुणा घालून येतात. प्रकरणाचा सारांश सांगू द्यायचा नाही, सगळ्यांनी वाचलेलंच असतं. एकाने एक प्रश्न आणायचा. गाणी आणि कविता मोठ्याने वाचायच्या, कारण नव्वद टक्के चाहते त्या ओलांडून जातात आणि मग कथेतले निम्मे संदर्भ त्यांना लागत नाहीत. एल्रॉन्डच्या सभेच्या प्रकरणाला पूर्ण बैठक द्या. तिथे नवे वाचक गळतात.

चित्रपटातून आलेल्यांना हिणवू नका, त्यांच्याकडूनच चांगले प्रश्न येतात. आमच्याकडे एकीने विचारलं की मेलेल्या दक्षिणी सैनिकाकडे पाहून हळहळणारा सेनानी फॅरामिर पुस्तकात कुठे आहे. शोधल्यावर कळलं की तो विचार पुस्तकात फ्रोडोचा सोबती सॅम याच्या मनात येतो, चौथा भाग, चौथं प्रकरण. चित्रपटाच्या वाढीव आवृत्तीने तो फॅरामिरच्या तोंडी घातला. मग दोन बैठका आम्ही त्याच प्रश्नावर होतो. दक्षिणेकडून हत्तींसारखी जनावरं घेऊन येणारे, सावळे, शत्रूच्या बाजूने लढणारे लोक वाचताना आपल्याला कसं वाटतं? मला अवघडल्यासारखं होतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण नुसतं अवघडणं हा मुद्दा होत नाही. तिसावं पत्र, सॅमचा तो क्षण आणि हाराडच्या (या दक्षिणेकडच्या) लोकांची वर्णनं शेजारी ठेवली की मुद्दा सुरू होतो. डिमिट्रा फिमीचं टॉल्कीन, वंश आणि सांस्कृतिक इतिहासावरचं 2008 चं पुस्तक इथे उपयोगी पडतं.

जाहीर वाचन ठेवायचं तर 25 मार्च धरा. कथेत त्या दिवशी अंगठी नष्ट होते आणि टॉल्कीन सोसायटी 2003 पासून तो वाचनदिन म्हणून पाळते. 3 जानेवारीला, त्याच्या जन्मदिवशी, रात्री नऊ वाजता ‘प्रोफेसर’च्या नावाने पेला उंचावण्याची प्रथा आहे. पेल्यात काय असावं याला नियम नाही. आमच्याकडे कोकम सरबत असतं.

मराठीतून बोलताना नावांचं काय

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवाद मराठीत आहे. कथा समजून घ्यायला, घरच्यांना ओढायला तो जरूर घ्या. शब्दाशब्दावरचा वाद मात्र इंग्रजी पानावरच सोडवावा लागतो, कारण अनुवादकाला ‘सारखे’ ठेवायचं की गाळायचं याचा निर्णय घ्यावाच लागतो.

उच्चारांसाठी परिशिष्ट ई. एल्फ भाषांत इंग्रजी सी नेहमी ‘क’, म्हणून केलेबोर्न, सेलेबोर्न नव्हे. डच आणि स्वीडिश अनुवादांनी वैतागून टॉल्कीनने अनुवादकांसाठी नावांची मार्गदर्शिकाच लिहिली: जी नावं इंग्रजी अर्थाची आहेत ती अर्थाने फिरवा, बाकीची तशीच ठेवा. बॅगिन्समध्ये पिशवीचा अर्थ राहिला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे एकाने ‘बिल्बो पिशवीकर’ सुचवलं आणि ती बैठक तिथेच संपली.

शेवटची पायरी: निबंध

विषय लहान घ्या. ‘टॉल्कीन आणि भारतीय पुराणं’ हा विषय नाही, ते गोदाम आहे. त्याऐवजी जिथे तुमच्या मातृभाषेमुळे तुम्हाला जास्त दिसतं अशी एखादी फट शोधा. माझ्या मते सगळ्यात सुपीक जागा तेंग्वार, ही टॉल्कीनने एल्फांसाठी घडवलेली लिपी आहे. तिची मूळ चोवीस अक्षरं चार रांगांत, उच्चारस्थानानुसार लावलेली आहेत: दंत्य, ओष्ठ्य, पुढे कंठाकडे. त वर्ग, प वर्ग, क वर्ग म्हणत मोठा झालेला वाचक ही मांडणी पाहून चमकतोच. अक्षराचा गोल भाग दुहेरी केला की अघोषाचं घोष होतं, त चा द. स्वर मात्रांसारखे व्यंजनावर बसतात. परिशिष्ट ई मध्ये तर असंही आहे की क्वेन्या या एल्फ भाषेत ‘अ’ इतक्या वेळा येतो की त्याची खूण अनेकदा लिहीतच नसत. म्हणजे व्यंजनात दडलेला आपला अ!

इथे उडी मारू नका. साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. टॉल्कीन तौलनिक भाषाशास्त्रात मुरलेला होता आणि त्या शास्त्राच्या पायातच संस्कृत आहे, पण तेंग्वार त्याने नागरीवरून बेतली असं म्हणायला त्याच्या हातचा कागद हवा. तो नसताना ‘वर्णमालेत वाढलेल्या वाचकाला ही लिपी कशी दिसते’ एवढाच निबंध लिहा. तोही पुरेसा आहे, आणि तो लंडनच्या माणसाला तुमच्याइतका सहज लिहिता येणार नाही. एल्फ भाषांवर लिहिताना टॉल्कीनने स्वतः लिहिलेले शब्द आणि चाहत्यांनी नियमांवरून बनवलेले शब्द वेगळे ठेवा. दंडावर गोंदवून घेण्याआधीही ही चौकशी केलेली बरी.

विषय ठरला की आधी कोणी लिहिलंय का ते बघा. मिथोपोइक सोसायटीच्या ‘मिथलोर’चे जुने अंक आणि वालपरायझो विद्यापीठाचं ‘जर्नल ऑफ टॉल्कीन रिसर्च’ विनामूल्य वाचता येतं. टॉम शिपी आणि व्हर्लिन फ्लीगर यांची निदान एकेक तरी पुस्तकं वाचा. पहिला शब्दांच्या मुळांकडून आत शिरतो, दुसरी प्रकाश आणि भाषेकडून. मग परिषदेला पाठवायचा दोनशे ते तीनशे शब्दांचा गोषवारा: प्रश्न काय, कोणते मजकूर वापरणार, निघालं काय. ‘चर्चा करण्यात येईल’ असं लिहू नका, चर्चा करून झालेली असू द्या. वीस मिनिटांच्या वाचनाला अडीच हजार इंग्रजी शब्द खूप होतात. घड्याळ लावून मोठ्याने दोनदा वाचा, कारण एल्फ नावं जीभ अडवतात.

परिषद इंग्लंडात असून तुम्ही घरून बोलणार असाल, तर उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात मार्च अखेरपर्यंत साडेपाच. दुपारच्या सत्रातला निबंध आपल्याकडे रात्री जेवणाच्या वेळेला येतो. घरच्यांना कुकर आधी लावायला सांगा.